पुरं मरण

भाताची लावणी झाल्यापासून ओम्पू जोगाल अंथरुणाला खिळला होता, पण त्याच्या पाठीला एक फोड म्हणून नव्हता. गावातून बघायला येणारा प्रत्येकजण आधी म्हाताऱ्याच्या पाठीखाली हात सरकवायचा आणि मग तिउर्माकडं बघून मान हलवायचा. तिउर्मा त्याची धाकटी लेक. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची. शेतावर जाण्याआधी ती म्हाताऱ्या बाला एका कुशीवर वळवायची, ओल्या फडक्यानं पुसायची, खोबरेल चोळायची, चार चमचे पेज तोंडात घालायची. दुपारी खुरपं बांधावर टाकून धावत यायची आणि दुसऱ्या कुशीवर वळवून पुन्हा धावत जायची. जोगाल हा थोरल्या मुलाचा मुलगा. तो जन्मल्यापासून म्हाताऱ्याला सगळे ओम्पू जोगाल, म्हणजे जोगालचा आजा, म्हणूनच हाक मारत. त्याचं स्वतःचं नाव काय होतं ते तिउर्मालाही आठवून सांगावं लागलं असतं.

तळ्याच्या वरच्या उतारावर तिचा कांदा काढणीला आला होता. छोटा, लाल, झणझणीत कांदा. पात पिवळी पडून आडवी झाली की तो बाहेर काढायलाच हवा. वरून पाऊस लागला की मानेपासून सडत जातो. आणि पलीकडच्या डोंगरावर रोज दुपारी ढग येऊन बसत होते. तिउर्मा गुडघ्यावर सरकत सरकत ओळी उपटत होती. मजूर मिळत नव्हते, सगळ्यांचाच कांदा एकदम आला होता. कंबर अशी धरली होती की उठताना तिला आधी दोन्ही हात जमिनीला टेकावे लागत.

अशात मेदान शहराहून थोरला भाऊ मारोलोप आला, आणि त्याच बोटीतून मोठी बहीण रुमोंदांगही आली. दोघं नावेतून उतरून सरळ शेताकडंच येताना दिसली तेव्हा तिउर्माला बरं वाटलं. चला, चार हात वाढले, असं ती मनात म्हणाली. पण मारोलोप बुटाला चिखल लागू नये म्हणून बांधावरच थांबला.

"बाचं काही खरं नाही, तिउर्मा."

"व्हय. आता पेज बी गिळत न्हाई नीट."

"म्हणूनच आलोय. हे बघ, माझं लग्न झालं, आपल्या साहातचं झालं, रुमोंदांगचं झालं. सगळ्यांना पोरंबाळं झाली. राहिलंय कोण?"

तिउर्मानं उपटलेली जुडी झटकली. माती खाली पडली. राहिलंय कोण हे तिला पुरतं ठाऊक होतं.

त्या मुलखात माणूस किती वर्षं जगला हे कुणी विचारत नाही, काय काय उरकून गेला हे विचारतात. सगळ्या पोरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, आणि मग गेला, तर तो साउर मातुआ. त्याचं मरण पुरं. मग अंगणात ढोल लागतो, रेडा कापतात, सुना-जावई शवपेटीभोवती नाचतात, आणि सगळ्या गावाला मांसाचे वाटे जातात. पण एक जरी पोर बिनलग्नाचं मागं राहिलं तर मरण अर्धं. ढोल नाही, रेडा नाही. एक डुक्कर कापायचं, पाद्रीनं दोन गाणी म्हणायची आणि खाली मान घालून पुरायचं. चार पोरं वाढवून, तळ्याच्या खडकाळ काठावर सगळा जन्म घाम गाळून, एका लेकीच्या लग्नावाचून म्हातारा अर्धा मरणार होता.

"मोनांगला सांगितलंय," रुमोंदांग म्हणाली. "बोटवाला मोनांग. बायको गेली त्याची. चांगला हाय, पीत न्हाई जास्त."

"आन कांदा?"

"कांद्याचं काय?"

"कांदा कोण काढंल?" तिउर्मानं विचारलं आणि पुढच्या ओळीला लागली. भाऊ-बहीण घराकडं गेले. एकानंही वाकून एक कांदा उचलला नाही.

लग्नाला ती पूर्वीही नाहीच म्हणाली होती. विशीत होती, तेव्हा चांगली चांगली स्थळं आली होती. कारण काय, असं जो तो विचारायचा. कारण न्हाई, मन न्हाई, एवढंच तिचं उत्तर. कारण नसलेली गोष्ट लोकांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून गावानं आपापली कारणं तयार केली. कुणी म्हणालं हिचा एक यार तळ्यात बुडाला. कुणी म्हणालं हिच्या अंगातच काही खोट आहे. तिउर्माला एकटीनं शेत करायला आवडायचं, घरी येऊन आपल्या चुलीपाशी बसायला आवडायचं, यापलीकडं त्यात काही नव्हतं. तेव्हा ताडीच्या दुकानात कुणीतरी बाला टोचलं, तर बा भांडं आपटून म्हणाला होता, "माझी पोर म्हंजे काय फळवायची म्हस हाय? तिचं मन न्हाई. संपलं." हे तिच्या कानावर आलं होतं. त्या एका वाक्यावर तिनं पुढची सगळी वर्षं मान वर करून काढली. बाची सेवा ती काही उपकार म्हणून करत नव्हती. तो एकटाच माणूस असा होता की ज्याला आजवर काही समजावून सांगावं लागलं नव्हतं.

मोनांग दुसऱ्या दिवशी आला. इस्त्रीचा सदरा घातला होता, पण अंगाला बोटीच्या डिझेलचा वास येत होता. तिउर्मा घराखालच्या मोकळ्या जागेत चटया अंथरून कांदा पसरत होती. घर उंच खांबांवर, खाली पूर्वी म्हशी बांधत, आता कांदा वाळायचा. मोनांग तिच्याशी न बोलता आधी शिडी चढून वर गेला. खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच कौतुक होतं.

"पाठीला काय बी न्हाई की गं म्हाताऱ्याच्या."

"न्हाई."

"माझी आई पडून हाय. तिच्या पाठीला मूठ जाईल एवढं खड्डं पडल्यात. शेजारीण येती, पण ती नुसती वरवर पुसून जाती. घरात बसवत न्हाई, एवढा वास मारतो."

तिउर्मानं हातातला कांदा खाली ठेवला. "म्हंजे तुमाला बायको पायजे का आईला दाई पायजे?"

मोनांगनं खरंच विचार केला. "दोन्ही एकच की," तो म्हणाला.

तिला हसू आलं. सगळ्या भानगडीत सरळ बोलणारा हा एकच माणूस निघाला होता. "तुमी खोटं बोलला न्हाई, ते बरं केलं," ती म्हणाली. "आईची कूस बदलत ऱ्हावा. रातीला बी. हातानं करा. तेवढ्यापायी लगीन लागत न्हाई."

मोनांगचं तोंड उतरलं. नकार मिळाल्याचं त्याला वाईट वाटलं की उद्यापासून आईची कूस आपणच बदलायची याचं, ते कळलं नाही. तो गेला तशी रुमोंदांग शिडीवरून तरातरा खाली आली. ती वर उभी राहून ऐकत होती.

"काय गं, राणी समजतीस का स्वतःला? तुझ्या हट्टापायी बा डुकरावर जाणार. डुकरावर! पावण्यांना काय तोंड दाखवू मी?"

"माझ्या तोंडाचं काय, आक्का?"

"अगं, चर्चमदी एकदा उभी ऱ्हा. चार दिस नांद, न्हाई पटलं तर ये निघून. एकदा बा मातीआड झाला की कोण बघतंय?"

"मी बघतीया की."

रुमोंदांगला हे उत्तर समजलंच नाही. तिनं तोंड वाकडं केलं, चटईवरचे दोन चांगले कांदे उचलून पदरात टाकले, कालवणाला म्हणून, आणि ती वर गेली.

मग पाऊस आला. तिउर्मा शेतातून पाट्या डोक्यावर घेऊन धावत घराखाली येत होती, ओतत होती, पुन्हा धावत होती. निम्मा कांदा अजून जमिनीतच होता. शेवटची पाटी ओतून ती खांबाला टेकून दम घेत होती, तेव्हा डोक्यावरच्या फळ्यांतून तिला आवाज ऐकू आले. वर मारोलोप होता, आणि गावच्या रीतीभातींचा जाणता म्हातारा, ओम्पू साउत. मयताला कुठला मान द्यायचा हे त्याच्या तोंडून ठरे.

"गाव काय आंधळं हाय व्हय रं?" ओम्पू साउत म्हणत होता. "सगळ्यांनी तिला ल्हानाची मोठी झालेली बघितलीया."

"गावाला काय हवंय आजोबा?" मारोलोपचा आवाज गोड झाला होता. "ढोल हवाय, रेडा हवाय. कुणी विचारणार नाही, आपण सांगणार नाही. ती चुलीकडं बसेल. पोरांच्या रांगेत उभी राहायची नाही, तिनं टाहो फोडायचा नाही. बस."

"म्हाताऱ्याला पुसा. त्याच्या मरणाची गोष्ट हाय. त्यो म्हणत आसंल तर मी बोलंन."

फळ्या करकरल्या. कुणीतरी बाच्या अंथरुणाशी वाकलं असावं. तिउर्मा खांबाला धरून वर बघत उभी होती. तिला वाटलं, आता बा भांडं आपटेल. भांडं उचलायची ताकद त्याच्यात नव्हती हे तिलाच सगळ्यात जास्त माहीत होतं, तरी तिला वाटलं.

"तीन," बा म्हणाला. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. "तीनच म्हणा. तिला कुणाची तरी आणलेली म्हणा."

पावसाचं पाणी घराखाली वाहत आलं आणि चटईच्या कडेचे कांदे भिजायला लागले. तिउर्मानं ते आत ओढले नाहीत. काही वेळानं वरची दोघं शिडी उतरली. तिला समोर बघून ओम्पू साउतनं नजर फिरवली, मारोलोपनं छत्री उघडली, आणि दोघंही ताडीच्या दुकानाकडं गेले.

ती वर गेली. बा जागा होता.

"ऐकलंस?"

"खालीच हुते मी."

"मला भ्या वाटतंय पोरी," बा म्हणाला. त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, पण आता त्या कायमच ओल्या असत. "ढोल वाजल्याबिगर कसा जाऊ? तिकडं माझा बा बसलाय, आजा बसलाय. त्यांनी इचारलं, काय रं, काय ऱ्हायलं तुझं, तर काय सांगू?"

"तवा तू दुकानात काय म्हणाला हुतास, बा? माझी पोर म्हंजे काय म्हस हाय?"

म्हाताऱ्यानं पांघरुणाची कड मुठीत धरली.

"तवा मला मरायचं नव्हतं," तो म्हणाला.

तिउर्माला राग आला, आणि त्या रागाचीच शरम वाटली. समोर पडलेला हा हाडांचा सापळा, त्याच्यावर काय रागवायचं? पण राग खरा होता. तिला तिचं आयुष्य एकटीनं पुरं करता आलं होतं, आणि त्याला त्याचं मरण पुरं करायला तिला वजा करावं लागत होतं.

"थोडे दिस माझी नगंस हू," बा म्हणाला. "मातीत जाईस्तोवर. शबूद दे."

"बरं. दिला. न्हाई मी तुझी," ती म्हणाली. "आता वळ. कूस बदलायची येळ झाली."

त्यानंतर म्हातारा फार राहिला नाही. एका सकाळी पेजेचा चमचा ओठाशी नेला आणि पेज गालावरून खाली ओघळली. तिउर्मानं गाल पुसला, डोळे मिटले आणि बाहेर जाऊन रुमोंदांगला सांगितलं, "आक्का, ये. तुझा बा गेला." रुमोंदांगनं रीतीप्रमाणं सुरात टाहो फोडला. माझ्या बा, माझ्या छपरा, माझ्या वडाच्या सावली. गावच्या बायका जमल्या. लेकीचं विलापाचं गाणं हे लेकीच्याच तोंडून यायचं. तिउर्मानं ते आईच्या वेळी म्हटलं होतं तेव्हा पुरुषमाणसंसुद्धा उठून बाहेर गेली होती. आज ती पाटी घेऊन शेतावर गेली. जमिनीत राहिलेला कांदा काढायचा होता. काढला त्यातला अर्धा हातात येताच चिरडला, आणि बोटांना घाण वास लागला. संध्याकाळपर्यंत ती तिथंच होती. परतली तेव्हा तिचे डोळे सुजून लाल झाले होते.

"लई झोंबतोय की गं तुझा कांदा," एक म्हातारी म्हणाली.

"व्हय, यंदा झोंबराच निघालाय," तिउर्मा म्हणाली.

दुसरा भाऊ साहात जाकार्ताहून आला, पाव्हणे आले, आणि मग तो दिवस उजाडला. अंगणाच्या एका अंगाला माचावर ढोलवाले बसले. खांबाला काळा रेडा बांधला. बाची पेटी मधोमध ठेवली. त्याला कोट घातला होता. जिवंतपणी त्यानं कधी कोट घातला नव्हता. तिउर्मा मागच्या बाजूला, रुमोंदांगच्या सासरच्या बायकांत बसून कांदे सोलत होती. कांदे तिचेच होते. कालवणासाठी मारोलोपनं घराखालून दोन पोती उचलून आणली होती, विचारलं नव्हतं.

ओम्पू साउत पेटीशी उभा राहून पल्लेदार आवाजात बोलला. "ओम्पू जोगाल पुरा जगला, पुरा गेला! दोन मुलगे, एक मुलगी, तिघांची बी लगनं झालेली, नातवंडं मोजायला बोटं पुरत न्हाईत! ह्यो साउर मातुआ!" जमलेल्या गावानं हुंकार भरला. सगळ्यांना चौथी माहीत होती, आणि सगळ्यांनी तिला आवंढ्यासारखी गिळली. रेड्याच्या मांसाचा वाटा दारी येणार असेल तर माणसाला फार काही आठवत नाही. ढोल सुरू झाला. मारोलोप आणि साहात हात जोडून, गुडघे हलवत पेटीभोवती नाचू लागले. तिउर्माचा हात चालत होता, साल निघत होती, आणि तिला स्वतःशी कबूल करावं लागलं की ढोल फार चांगला वाजतोय. बाला आवडला असता.

तेवढ्यात मामा आले. आईचा भाऊ, तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नातवाच्या खांद्यावर हात. आईकडच्या माणसांचा मान तिथं सगळ्यात मोठा. ते आले की ढोलसुद्धा थांबतो. त्यांच्या मागं बायका डोक्यावर तांदळाच्या टोपल्या घेऊन. मामांच्या हातावर विणलेल्या शाली होत्या. बहिणीच्या प्रत्येक पोराला एक, ती त्यांनीच खांद्यावर घालायची. त्यांनी चाचपडत मारोलोपला घातली, साहातला घातली, रुमोंदांगला घातली. हातावर एक उरली.

"चौथं पोर कुटं हाय?"

"मामा, तिघंच आहोत आम्ही," मारोलोप म्हणाला.

"डोळं गेल्यात माझं, मोजणी न्हाई गेली. माझ्या भणीची, होतमाइदाची, चारी बाळंतपणं माझ्या आईच्या हातनं झाली. तिउर्मा कुटं हाय?"

"मामा, ती... ती कामाला असते घरात. आणलेली," मारोलोपनं आवाज खाली आणला, पण ढोल थांबल्यामुळं तो सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

"तिउर्मा!" मामांनी हाक मारली.

ती उठली. लुगड्याला कांद्याची सालं चिकटली होती, ती झटकायचं तिला सुचलं नाही. लोक बाजूला सरकले. ती मामांपुढं जाऊन उभी राहिली. मामांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"तू कुणाची गं?"

पलीकडं पेटीत बा कोट घालून निजला होता. अजून मातीत गेला नव्हता. बाची म्हणावं तर दिलेला शब्द मोडतो. कुणाची नाही म्हणावं तर ते धडधडीत खोटं, आणि जन्मभर तिनं स्वतःविषयी एक गोष्ट खोटी सांगितली नव्हती. सांगितली असती तर केव्हाच सुखानं नांदली असती. शब्दही मोडायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही, असं एकच उत्तर उरलं होतं. त्याचा अर्थ पुढं काय होईल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

"मी आईची," ती म्हणाली.

मग मागून, ताडीवाल्यांच्या घोळक्यातून कुणीतरी हलक्यानं म्हणालं, "आईची? आन बाची न्हाई?" एकजण खुदकन हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. हसू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. होतमाइदा, जी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, जिच्याकडं बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती, तिच्याबद्दल तिच्याच नवऱ्याच्या पेटीशी गाव हसत होतं.

मामांचा हात तिउर्माच्या तोंडावरून खाली आला. चेहरा काळा पडला. "मारोलोप," ते म्हणाले, "माझ्या भणीनं ही कुणाची आणली म्हणतोस?"

मारोलोपनं ओम्पू साउतकडं बघितलं, ओम्पू साउत जमिनीकडं बघत होता. मागं पुन्हा कुणीतरी हसलं. आणि मारोलोपचं मेदानचं बोलणं एका क्षणात गळून पडलं.

"बाचीच हाय ती!" तो ओरडला. "माझी सख्खी भण हाय! माझ्या बाचीच लेक हाय, कुणाच्या बापाची छाती हाय न्हाई म्हणायची?"

हसू थांबलं. माचावरच्या थोरल्या ढोलवाल्यानं ओम्पू साउतकडं बघितलं. ओम्पू साउतनं मान वर केली नाही. मग ढोलवाल्यानं टिपऱ्या फडक्यात गुंडाळल्या, गाठ मारली, आणि तो माचावरून खाली उतरला. त्याच्यामागून बाकीचे उतरले. कुणीतरी जाऊन खांबाचा रेडा सोडला. रेडा काहीच घडलं नसल्यासारखा बांधावरचं गवत खात राहिला. गाव चिडलं होतं; मांसाचे वाटे हातचे गेले होते. एक म्हातारा जाता जाता तिउर्माच्या पायाशी थुंकला.

मामांनी चाचपडत शाल तिच्या खांद्यावर घातली आणि नातवाला म्हणाले, चल. ते जेवायलाही थांबले नाहीत.

डुक्कर कापलं. पाद्रीनं दोन गाणी म्हटली. खाली मान घालून बाला डोंगराच्या कडेला पुरलं. बाचा ढोल आपण बंद पाडला, त्याला अर्धा पाठवला, हे तिउर्माला कळत होतं आणि तिला त्याचं मनापासून वाईट वाटत होतं. तो तिकडं आपल्या बापापुढं काय सांगत असेल, असंही तिच्या मनात आलं. पण ते उत्तर पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तेच आलं असतं, हेही तिला माहीत होतं.

माती सारखी झाल्यावर लोक पांगले. मारोलोप मागं थांबला. त्याच्या बुटांना आता चिखल लागला होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "एक इच्छा होती त्याची. आता सगळ्या गावाला कळलंय ना, लेक आहेस म्हणून? मग निदान लेकीसारखं रडून तरी दाखव. डोळ्यांत टिपूस नाही तुझ्या."

तिउर्मानं खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि काखेत धरली.

"मी त्याची नव्हते, दादा," ती म्हणाली, "तवाच माझं रडून झालं."